तक्रारवही आणि तारे

मंडळी, मे २०२० आठवतोय का? टाळेबंदीला दोन महिने होत आले होते. लोकल बंद. एरवी सकाळी आठला ज्या डोंबिवलीच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे शुकशुकाट. आणि घराघरांत माणसं हातात फोन घेऊन बसलेली. त्या दिवसांत भारतातल्या लाखो लोकांनी एक काम अगदी मनापासून केलं. ते म्हणजे टिकटॉक नावाच्या अ‍ॅपला एक तारा देणं.

कारण तसं पोरकट होतं. यूट्यूबवाले श्रेष्ठ की टिकटॉकवाले, असा वाद पेटला होता. कॅरीमिनाटी या नावाने व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणाने टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवली, कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, आणि छळवणुकीविरुद्धच्या नियमात बसत नाही म्हणून यूट्यूबने ते काढून टाकलं. चाहते खवळले. त्यात आणखी एक प्रकार घडला, आणि तो मात्र पोरकट नव्हता. टिकटॉकवर बऱ्यापैकी प्रसिद्ध असलेल्या एकाचा व्हिडिओ फिरू लागला. त्यात प्रेमात नकार मिळालेला पुरुष बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी फेकतो, असं दृश्य होतं. अ‍ॅसिड हल्ल्याचं हे उदात्तीकरण आहे, असं म्हणत राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रार केली.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही भाचरांनी फर्मान काढलं होतं, 'सगळ्यांनी एक तारा द्या.' आमच्या एका आत्याने विचारलं, "अरे पण माझ्याकडे ते अ‍ॅपच नाहीये." उत्तर आलं, "मग आधी उतरवून घे, तारा दे आणि काढून टाक." आत्याने बहुधा तसं केलंही असेल. टाळेबंदीत वेळ कुणाकडे नव्हता? :-)

परिणाम जबरदस्त झाला. प्ले स्टोअरवर साडेचारच्या आसपास असलेलं टिकटॉकचं रेटिंग काही दिवसांत १.२ वर आलं. मग एके दिवशी ते पुन्हा वर चढायला लागलं आणि महिनाअखेर ४.४ वर जाऊन बसलं. मधल्या काळात टिकटॉक सुधारलं नव्हतं. गूगलने सुमारे ८० लाख रेटिंग पुसून टाकली होती. एकूण मतांचा आकडाच २ कोटी ८० लाखांवरून २ कोटींवर आला. हा गैरवापर होता, तो आम्ही दुरुस्त केला, एवढंच गूगलचं म्हणणं होतं. पुढे २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि हा विषय लोकांच्या डोक्यातून गेला.

माझ्या डोक्यातून तो गेला नाही. ८० लाख म्हणजे किती? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एकतीस लाखांच्या घरात होती. म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या तान्ह्या मुलापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने दोनदा मत दिलं, तरी एवढा आकडा भरत नाही. एवढी मतं गेली आणि ती गेल्याची खूण कुठेही राहिली नाही. रविवारी पाहणाऱ्याला १.२ दिसलं, नंतर पाहणाऱ्याला ४.४. मध्ये काय झालं ते पानावर कुठेच नाही. म्हणून वाटलं, लोकांनी तक्रार लिहायची आणि दुसऱ्याने ती सांभाळायची, ही व्यवस्था आपल्याकडे आधी कशी होती ते जरा मागे जाऊन बघावं.

मागे जायचं तर आगगाडीनेच जायला हवं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे देशात रेल्वेची सेवा चाखायचा अनुभव सर्वात जुना कुणाचा असेल तर आपल्या या पट्ट्याचा. रेल्वेच्या नावाने बोटं मोडायचाही अर्थातच आपलाच.

या मार्गावरच्या एका प्रवाशाची तक्रार मला फार आवडते. १९१७ च्या सप्टेंबरात हा माणूस मुंबईहून मद्रासला मेलने तिसऱ्या वर्गातून निघाला. ती गाडी कल्याणवरूनच पुण्याकडे जायची. नंतर त्याने रांचीहून वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. तिकीट १३ रुपये ९ आण्यांचं, डब्यावर लिहिलेलं २२ प्रवासी, आत मात्र ३५ च्या वर. संडासाची अवस्था काय, स्टेशनवरचा चहा कसा, साफसफाई किती वेळा झाली, सगळं त्यात नोंदवलंय. प्रवाशाचं नाव मोहनदास करमचंद गांधी. पत्र वाचताना जाणवतं ते हे, की त्यात संताप आहे पण तो आकड्यांच्या मागे उभा आहे. कुणालाही वाटलं असतं तर त्या गाडीचा डबा मोजून बघता आला असता. खाली नाव, गाव, तारीख. आजच्या भाषेत सांगायचं तर हा एक ताऱ्याचा रिव्ह्यू, पण असा की कंपनीला खोडून काढायचा तर आकड्यांनीच खोडावा लागेल.

अर्थात सगळेच काही गांधी नसतात, आणि सगळ्यांची पत्रं वर्तमानपत्रं छापत नाहीत. सामान्य माणसासाठी होती ती स्टेशनमास्तरच्या खोलीतली तक्रारवही.

लहान मंडळींनी ही वही पाहिली नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. वहीच्या पानांवर छापील अनुक्रमांक असायचे. प्रत्येक तक्रारीच्या तीन प्रती, मध्ये कार्बन कागद. एक प्रत वरच्या कार्यालयात जायची, एक तक्रार करणाऱ्याच्या हातात आणि एक वहीतच. वही मागणं हे एक दिव्य असायचं हे खरं. साहेब नाहीत, कपाटाची किल्ली नाही, 'कशाला लिहिता, आपण मिटवून टाकू ना' वगैरे वगैरे. बरेच जण तिथूनच परत फिरत, कारण पुढची गाडी पकडायची असायची. आणि लिहिलेल्या तक्रारीवर काही होईलच याची खात्री कुणी देत नव्हतं.

पण त्या वहीच्या रचनेत एक शहाणपण होतं, ते मला टिकटॉकचं प्रकरण बघताना लक्षात आलं. समजा एखाद्या स्टेशनमास्तरला एखादी तक्रार नकोशी झाली. त्याने पान फाडलं, तर ४१ नंतर एकदम ४३ येणार. शिवाय ४२ ची एक प्रत माझ्या खिशात. वहीचा मालक आणि तक्रारीचा विषय एकच, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तरीही तो गुपचूप काही पुसू शकत नव्हता. तक्रार खोटी असेल, वेडगळ असेल, दारू पिऊन लिहिलेली असेल, तरी ती वहीतच राहायची आणि 'चौकशी केली, तथ्य आढळले नाही' असं उत्तर वेगळं द्यायचं.

आणखी एक गंमत म्हणजे आपण लिहायला गेलो की आधीची पानं चाळली जायचीच. पंखा बंद असल्याची माझ्याआधी चार जणांनी तक्रार केली आहे, हे तिथेच समजायचं. आता २०१८ पासून रेल मदद आहे. फोनवरून तक्रार जाते, क्रमांक मिळतो, डबा अस्वच्छ असेल तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर माणूस येतोही. वेगाच्या बाबतीत वहीशी तुलनाच नको. फक्त माझ्या आधीच्या चौघांनी काय लिहिलं होतं ते मला दिसत नाही.

आता ताऱ्यांकडे. एखाद्या गोष्टीपुढे खुणा करून तिची प्रत सांगायची ही रीत फोनच्या कितीतरी आधीची. मारियाना स्टार्क नावाच्या एका इंग्रज बाईने १८२० मध्ये युरोपच्या प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात बघण्यासारख्या चित्रांपुढे ती उद्गारचिन्हं टाकायची. जितकी जास्त चिन्हं, तितकं चित्र थोर. जर्मन बेडेकरच्या प्रवासपुस्तकांनी त्याच शतकात उद्गारचिन्हाऐवजी तारा आणला. मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९२६ पासून खानावळींना तारे द्यायला सुरुवात केली. (टायरवाल्यांना जेवणाची एवढी काळजी का? लोक जेवायला लांब गाडी घेऊन गेले की टायर झिजतात!) आपल्याकडे शुक्रवारच्या सिनेमाला वर्तमानपत्रांचे समीक्षक तारे देत आले. या सगळ्यांत तारे देणारा एकच, ओळखीचा. त्याने सारखं चुकीचं सांगितलं तर त्याचंच पुस्तक खपेनासं होणार.

आमच्या डोंबिवलीकर नातेवाइकांना मात्र तारे वगैरे नकोच होते, कारण त्यांच्याकडे ग्राहक पंचायत होती. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी तिचे संस्थापक, आणि आपले बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, त्यांच्या बरोबरीने त्यात होते. (गाण्यातली माणसं तूरडाळीच्या भावात लक्ष घालत, असाही एक काळ होता.) शेजारपाजारच्या घरांचा मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, सगळ्यांची खरेदी एकत्र व्हायची, माल एका घरी उतरायचा आणि तिथून वाटप. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय वस्तीत हे चांगलंच रुजलं. मला यातलं वाटप महत्त्वाचं वाटतं. या महिन्यात चणाडाळीला कीड निघाली, हे सांगणारी बाई आणि ऐकणारी बाई एकाच जिन्यात राहणाऱ्या. सांगणारीचा स्वभाव ऐकणारीला ठाऊक. 'त्यांना काही आवडतच नाही' आणि 'त्या म्हणाल्या म्हणजे खरंच असणार' हे दोन वेगवेगळे शेरे आपोआप व्हायचे. म्हणजे मतांची छाननी इथेही होतच होती, फक्त ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात व्हायची, दुकानदाराच्या हातून नाही.

मग जाल आलं. अ‍ॅमेझॉनने १९९५ मध्ये गिऱ्हाइकांची मतं छापायला सुरुवात केली, पुढल्या वर्षी ईबेने विकणाऱ्या-घेणाऱ्यांना एकमेकांबद्दल लिहायची सोय दिली. २००८ मध्ये फोनवरची अ‍ॅपची दुकानं उघडली आणि तारे देणं अंगठ्याचं काम झालं. माणूस ओळखीचा असायची गरजच राहिली नाही. कल्पना अशी की एकटादुकटा खोटं बोलेल, पण हजार अनोळखी माणसं एकच खोटं कशाला बोलतील?

यातली फट फार लवकर दिसली होती. २००४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही बिघाड झाला आणि निनावी लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस उघडी पडली. काय दिसलं? काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची तोंडभर स्तुती करत होते! त्याच्या आधी २००१ मध्ये तर उघड झालं होतं, की सोनी कंपनीने आपल्या सिनेमांची तारीफ करायला डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच शोधून काढला होता. म्हणजे माणूस अस्तित्वातच नव्हता, जाहिरातीत मात्र त्याची वाक्यं.

स्तुती विकत मिळते हे जुनंच. आपल्याकडे दिसलेली नवी गोष्ट म्हणजे झुंडीने केलेली निंदा. २०१५ च्या नोव्हेंबरात आमीर खान असहिष्णुतेबद्दल काही बोलला. तो तेव्हा स्नॅपडील या खरेदीच्या कंपनीची जाहिरात करायचा. लोकांनी स्नॅपडीलला एक तारा द्यायचा आणि अ‍ॅप काढून टाकायचा सपाटा लावला. कंपनी सांगत राहिली की त्यांच्या बोलण्याशी आमचा काही संबंध नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या मालकाने 'भारतासारख्या गरीब देशात आपल्याला जायचं नाही' असं म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो नाकारला, पण इकडे एक ताऱ्यांचा पाऊस सुरू झाला. त्यातले काही तारे गेले पुन्हा स्नॅपडीलला, कारण नाव ऐकायला सारखं! बिचाऱ्या स्नॅपडीलने तरी किती सोसावं?

आता स्नॅपडीलच्या जागी स्वतःला ठेवून बघा. माल चांगला की वाईट, वेळेवर आला की नाही, याचा या ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. हे तारे कुणी पुसले तर माझ्यासारखा माणूस तरी आक्षेप घेणार नाही. आणि म्हणून टिकटॉकच्या बाबतीतही 'गूगलने जनतेचा आवाज दाबला' अशी सरसकट ओरड मला पटली नाही. आमच्या आत्याच्या ताऱ्याला मत म्हणणं अवघडच आहे.

पण त्या ८० लाखांत सगळ्या आत्याच होत्या का? मुलीच्या हातात हे अ‍ॅप बघून आणि त्यावर ते अ‍ॅसिडचं दृश्य बघून खरोखर घाबरलेली एखादी आई त्यात नव्हती? तिने चार ओळी लिहिल्या असतील, गांधींइतक्या नेमक्या नाही पण आपल्या परीने नेमक्या. घाऊक झाडलोट झाली तेव्हा ती वाचली की गेली, हे तिला कळायला वाव नव्हता, आणि आपल्याला तर नव्हताच. ४२ नंबरचं पान ही सोयच तिथे नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हेच घडलं. जानेवारी २०२१ मध्ये रॉबिनहूड नावाच्या शेअर खरेदीच्या अ‍ॅपने गेमस्टॉप आणि इतर काही कंपन्यांचे शेअर घ्यायला अचानक मनाई केली. इथे तर तक्रार अ‍ॅपच्या कामाबद्दलच होती, लोकांचे पैसे अडकले होते. तरी गूगलने सुमारे एक लाख प्रतिकूल मतं काढली. लोक इतके चिडलेले की रेटिंग पुन्हा एक ताऱ्यावर आलं.

झुंडीची निंदा आणि खरी तक्रार वेगळी काढणं कठीण आहे, हे मी मान्य करतो. माझा मुद्दा त्याच्या उलट बाजूचा आहे. निंदेची झुंड डोळ्यांत भरते. चार दिवसांत लाखो तारे आले की कुणाचंही लक्ष जातं आणि झाडू फिरतो. स्तुती मात्र झुंडीने येत नाही. ती रोज थोडी थोडी, थेंब थेंब येते. आणि ती कुठून येते हे समजून घ्यायला सिलिकॉन व्हॅलीत जायला नको, ठाण्या-कल्याणच्या पोलीस ठाण्यांतल्या नोंदी बोलक्या आहेत.

२०२३ च्या सुमाराला आपल्या भागात 'टास्क'च्या फसवणुकीचे गुन्हे एकामागून एक नोंदले जाऊ लागले. पद्धत एकच. फोनवर निरोप येतो, घरबसल्या काम आहे. अमुक हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, त्याचं छायाचित्र पाठवा, दीडशे रुपये मिळतील. पैसे खरंच येतात. मग आणखी दोन हॉटेलं, आणखी थोडे पैसे. त्यानंतर टेलिग्रामच्या गटात ओढतात, 'आधी पैसे भरा, मग जास्त मिळतील' असं सुरू होतं, आणि माणूस लाखांनी बुडतो. यात अडकलेले लोक लोभी वगैरे नसतात. नोकरी गेलेले, बाळंतपणानंतर घरी असलेल्या मुली, निवृत्त माणसं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा धंद्यातली शंभराहून जास्त संकेतस्थळं बंद केली. (नातेवाईक मंडळी, असं काही झालं तर लगेच १९३० वर फोन करा, लाजत बसू नका.)

बातम्यांत यातली फसवणूक येते, आणि ती यायलाच हवी. पण मला त्या पहिल्या पायरीवरचे पाच तारे आठवत राहतात. त्या हॉटेलात हा माणूस कधी गेलेला नसतो. हॉटेल कदाचित दुसऱ्या राज्यात असतं आणि त्याच्या मालकालाही यातलं काही माहीत नसतं. फसवणाऱ्यांना फक्त गळाला आमिष हवं असतं. पैसे गेले, गुन्हा नोंदला, पण दिलेले ते पाच तारे? ते परत घ्यायला कोण बसलंय? मेमध्ये लोणावळ्याला खोली बघताना आपण जे ४.३ वाचतो, त्यात असे किती, कुणी सांगावं.

गूगल हे साफ करतच नाही असं नाही. त्यांच्याच सांगण्यानुसार नकाशावरची नियमबाह्य मतं २०२३ मध्ये १७ कोटींहून जास्त आणि २०२४ मध्ये २४ कोटींहून जास्त काढली गेली. छाती दडपते आकडा वाचून. मात्र एखाद्या दुकानाच्या पानावर गेलो तर तिथली किती काढली, त्यात निंदा किती आणि स्तुती किती, हे मला दिसत नाही. चोवीस कोटी पानं फाडली एवढं कळतं, कुठल्या वहीतली ते नाही.

ज्याची वही त्याचाच माल असेल तर काय होतं, याचा नमुना फॅशन नोव्हा या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीने दाखवला. चार आणि पाच ताऱ्यांची मतं आपोआप छापायची आणि त्याहून कमी असतील ती रोखून धरायची, असा उद्योग त्यांच्या संकेतस्थळावर २०१५ ते २०१९ चालला होता, असं तिथल्या व्यापार आयोगाने म्हटलं. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी ४२ लाख डॉलर भरायला तयार झाली. एकही खोटं मत न लिहिता रेटिंग खोटं करता येतं, हे यातून शिकण्यासारखं.

इथे थोडं विषयांतर करतो, पण डोंबिवलीबद्दल लिहायचं आणि ६५ इमारतींचं नाव घ्यायचं नाही हे बरं दिसणार नाही. घर घेताना आपण ताऱ्यांवर जात नाही. महारेराचा क्रमांक आहे ना, मग झालं, असं म्हणतो. सरकारी संकेतस्थळावर प्रकल्प दिसतो, क्रमांक दिसतो, बँक कर्ज देते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचे असे क्रमांक खरे होते. त्याखाली लावलेल्या महापालिकेच्या परवानग्या मात्र बनावट निघाल्या. एका वास्तुविशारदाने हे प्रकरण उच्च न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. ज्यांनी क्रमांक तपासून, म्हणजे सांगितलेली सगळी काळजी घेऊन, आयुष्याची पुंजी घातली त्या हजारो कुटुंबांची झोप उडाली. त्या क्रमांकाखालचा कागद महापालिकेतून खरंच निघालाय का, हे विचारायला मधल्या काळात कुणी बसलेलं नव्हतं. एखादं अ‍ॅप वाईट निघालं तर आपण ते काढून टाकतो. घराचं काय करणार?

असो. आपल्या सरकारने यातल्या मतांच्या बाजूकडे लक्ष दिलं ते २०२२ मध्ये. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबरमध्ये आलं. आयएसआय शिक्का देणारा हाच तो ब्युरो, म्हणजे प्रेशर कुकरनंतर आता मतांना मानक! मत देणारा खरा माणूस आहे का ते तपासा, छाननीचे नियम उघड ठेवा, आवडती तेवढी निवडून छापू नका, अशा अर्थाच्या गोष्टी त्यात आहेत. चांगल्याच आहेत. पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. पाळा म्हटलं, पाळलंच पाहिजे म्हटलं नाही. २०२४ मध्ये ते सक्तीचं करण्याच्या हालचाली झाल्या. अमेरिकेने त्याच वर्षी खोट्या मतांवर आणि प्रतिकूल मतं दडपण्यावर दंडाचा नियमच केला.

मला हवी असलेली वही मात्र सापडली अगदी अनपेक्षित ठिकाणी, संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम नावाच्या दुकानात. (माहिती भाच्याकडून. त्याच फर्मान काढणाऱ्या.) खेळणारी पोरं एखाद्या कंपनीवर चिडली की तिथेही झुंडीने वाईट मतं देतात. २०१७ मध्ये दुकानाने ठरवलं की मतं पुसायची नाहीत, उलट कुठल्या आठवड्यात किती चांगली आणि किती वाईट आली याचा आलेखच पानावर लावायचा. झुंड आली की आलेखात एकदम सुळका दिसतो. २०१९ पासून ते आणखी एक करतात. एखादी झुंड खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने आली असं त्यांच्या माणसांनी ठरवलं, तर तो काळ सरासरीतून वगळतात, पण तसं वगळल्याची खूण तिथे ठेवतात. मतं जागच्या जागी राहतात, ज्याला वाचायची त्याने वाचावीत. आणि कुणाला ती धरूनच सरासरी बघायची असेल तर तशीही सोय आहे.

हे वाचल्यावर मी टिकटॉकच्या त्या आठवड्याचा आलेख मनातल्या मनात काढून बघितला. मेमध्ये एक ताऱ्यांचा प्रचंड सुळका. त्यावर खूण, 'हा काळ सरासरीत धरलेला नाही, कारण अमुक.' आत आत्याचा तारा आणि त्या आईच्या चार ओळी, दोन्ही. गूगलचा निर्णय तोच राहिला असता, रेटिंग ४.४ च दिसलं असतं, आणि तरीही ज्याला शोधायचं त्याला त्या चार ओळी सापडल्या असत्या. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. गूगलने २०१९ मध्ये जुन्या मतांपेक्षा ताज्या मतांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली, २०२१ पासून प्रत्येक देशाला त्याचं त्याचं रेटिंग दाखवायला लागले. म्हणजे गणित हवं तसं बदलता येतं. पानावर क्रमांक घालणं तेवढं कुणाला सुचलेलं नाही, किंवा सुचलं तरी सोयीचं वाटलेलं नाही.

जाता जाता एक विनंती. रेल्वेच्या, एसटीच्या किंवा आणखी कुठल्या तक्रारवहीतली जुनी कार्बन प्रत तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कागदपत्रांच्या पिशवीत वगैरे पडलेली असेल तर तिचं छायाचित्र पाठवा. कल्याण-ठाणे मार्गावरची असेल तर उत्तमच. नावं झाकली तरी चालतील, पण पानाचा क्रमांक दिसू द्या.